ख्रिस्ती विचारातून चालू घडामोडी आणि इतिहासावर बोलणारे पॉडकास्ट हिंदू माणसानं ऐकावेत का? की तो नुसता प्रचार असतो?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या मित्रानं दोन-तीन लिंक पाठवल्यात, त्यात कुणी पाद्री, कुणी प्राध्यापक तासतासभर युद्ध, निवडणुका, एआय, वसाहतींचा इतिहास असल्या विषयांवर बायबल आणि चर्चची परंपरा समोर ठेवून गप्पा मारतात, आणि तुमचा प्रश्न असा की आपण हिंदू, आपल्याला त्यात काय मिळणार, आणि हा आडून धर्मप्रचार तर नाही ना. माझं उत्तर सरळ आहे. ऐका, पण पारखून ऐका. मी गेली काही वर्षं फोंडा-पणजी बसमध्ये हेच ऐकत जातो आणि पारखायची माझी एकच पद्धत आहे, तो कार्यक्रम आपल्याच माणसांच्या पापांबद्दल बोलताना कसा बोलतो ते बघायचं. दुसऱ्यांच्या चुकांवर तर कुणीही तासभर बोलेल.

हे मी तटस्थ माणूस म्हणून सांगत नाहीय हे आधीच सांगतो. आमचे पूर्वज गोव्यातल्या साष्टीतून उठून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आलेले. १५६० च्या दशकात मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, पोर्तुगीज देवळं पाडत होते त्याच धामधुमीत आमच्यासारखी कितीतरी घरं नदी ओलांडून आली. घरात हे लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे कुणी ख्रिस्ती माणूस इतिहासावर बोलायला लागला की माझे कान आपोआप टवकारतात, आता हा ती गोष्ट सांगणार की टाळणार. तुमच्याही घरी असं काही असेल तर ते बाजूला ठेवून ऐकायची अजिबात गरज नाही, उलट ते घेऊनच ऐका, त्यामुळेच चांगलं-वाईट कळतं.

हा प्रकार काही आजचा नाही. मार्कोनीनं स्वतः उभारून दिलेलं व्हॅटिकन रेडिओ १९३१ साली सुरू झालं. १९४८ मध्ये बीबीसीवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) पाद्री फ्रेडरिक कॉपलस्टन यांचा ईश्वर आहे की नाही यावर वाद झाला, तो आजही ऐकायला मिळतो आणि तुम्ही एकदा ऐकाच, कारण दोघं एकमेकाला बोलू देतात, कुणी आवाज चढवत नाही आणि शेवटी कुणी कुणाला पटवून गप्प केलं असंही होत नाही. पुढे स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सिस शेफर नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं घरीच तरुणांना बोलावून चर्चा सुरू केल्या, कला, राजकारण, तत्त्वज्ञान, जे विचाराल ते, आणि त्या चर्चांच्या टेपा देशोदेशी फिरायच्या. आजचा पॉडकास्ट म्हणजे त्याचंच पुढचं रूप आहे, फक्त आता फोनवर फुकट येतं आणि त्यामुळे कचराही भरपूर येतो.

आता चांगलं कसं असतं त्याचं उदाहरण देतो. मी ऐकलेल्यांतला मला सगळ्यात आवडलेला एपिसोड स्पेनमधल्या वायादोलिद शहरात झालेल्या वादावरचा. १५५०-५१ ला स्पेनच्या राजानं पंडितांची एक सभा बसवली, प्रश्न असा की अमेरिकेतल्या मूळ लोकांवर आधी युद्ध करून मग त्यांना धर्म सांगणं न्यायाचं आहे का. एका बाजूला सेपुल्वेदा, त्यानं अॅरिस्टॉटलचा आधार घेतला की काही माणसं जन्मानंच गुलाम असतात. दुसऱ्या बाजूला लास कासास, डोमिनिकन संघाचा पाद्री, जो स्वतः तरुणपणी तिथे जमीन आणि राबणारी माणसं बाळगून होता आणि १५१४ ला ते सगळं सोडून त्यांच्याच बाजूनं उभा राहिला, त्यानं पाच दिवस आपला मजकूर वाचून दाखवला म्हणतात. दोघंही ख्रिस्ती, दोघांच्या हातात बायबल तेच. होस्टनं इथेच पाहुण्या प्राध्यापक बाईंना अडवलं आणि विचारलं की मग आपण लास कासासला आपला म्हणायचं आणि सेपुल्वेदाला परका म्हणायचं, हे सोयीचं नाही का. बाई म्हणाल्या दोघंही आपलेच, आणि लास कासासनंही आधी अमेरिकेतल्या लोकांना वाचवायला आफ्रिकेतून गुलाम आणा असं सुचवलं होतं, त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, तेही सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. मी बसमध्ये तेवढाच भाग मागे नेऊन परत ऐकला. आपल्या नायकाचा डाग कुणी न विचारता स्वतः सांगणं, हे मला आपल्याकडच्या इतिहासाच्या व्याख्यानांत फार कमी ऐकायला मिळालंय.

आणि हे ऐकताना डोक्यात साहजिकच आपला गोवा येतो. ज्या दशकात तिकडे हा वाद झाला त्याच दशकात जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर इकडे होता, १५४२ ला आला, १५५२ ला वारला. तिसवाडीतली, म्हणजे आजच्या पणजी-जुन्या गोव्याच्या भागातली, देवळं त्याच्या आधीच, १५४० च्या सुमारास पाडून झाली होती. झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारी चर्चची अदालत, मागितली होती, ती १५६० ला इथे आली, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिली. गोव्यावर किंवा झेवियरवर कुठलाही ख्रिस्ती एपिसोड लावलात तर या पत्राचं काय करतात ते बघा. झेवियरचं शव, दर दहा वर्षांचं प्रदर्शन, जपानची सफर हे सगळं सांगून पत्र गाळलं असेल तर तो भक्तीचा कार्यक्रम आहे, भक्ताला चालेल, तुम्हाला इतिहास म्हणून उपयोगाचा नाही.

माझी खरी कसोटी मात्र साष्टीतलं कुंकळ्ळी गाव. जुलै १५८३. त्याच्या सोळा वर्षं आधी, १५६७ ला, राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानानं साष्टीतली दोनशेच्या वर देवळं पाडलेली, कुंकळ्ळीच्या गांवकरांनी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या मुखत्यारांनी, विरोध केला म्हणून त्यांच्यावर पुन्हा पुन्हा फौज गेलेली. अशा गावात पाच जेझुइट चर्चसाठी जागा बघायला आणि क्रूस उभा करायला गेले आणि गावकऱ्यांनी त्यांना मारलं, सोबतची काही माणसंही मेली. त्या पाचांत रुदोल्फो आक्वाविवा होता, बत्तीस वर्षांचा, जो नुकताच तीन वर्षं अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून परतला होता, म्हणजे मोगल बादशहासमोर बसून मोकळेपणी वाद घालणारा माणूस साष्टीतल्या एका गावात असा गेला, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. नंतर पोर्तुगीजांनी गांवकरांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार मारलं. सोळा जण होते, एकटा नदीत उडी टाकून निसटला असं सांगतात. चर्चनं त्या पाचांना १८९३ ला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. गांवकरांचं स्मारकही आता कुंकळ्ळीत आहे. आता यावर बोलणारा ख्रिस्ती माणूस जर फक्त पाच हुतात्म्यांबद्दल बोलला तर मी बंद करतो. आणि हेही तितकंच खरं की आपल्यातला कुणी फक्त सोळा गांवकरांबद्दल बोलून त्या पाच निःशस्त्र माणसांना शिवी घालून पुढे गेला तर तेही मी बंद करतो. दोन्ही मरणं एका दमात सांगता आली पाहिजेत. ख्रिस्ती विचारात याला जागा आहे, कारण माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे हे त्यांचं मूळ वाक्य आहे आणि ते मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला दोघांनाही लागू होतं, फक्त बोलणाऱ्यानं ते खरोखर लावायला हवं.

त्यातला अजून एक धागा सांगतो, मग पुढे जातो. त्या पाचांची प्रेतं मागून ताब्यात घेणारा थॉमस स्टीफन्स. इंग्रज जेझुइट, १५७९ ला गोव्यात आलेला. सहकारी असे मेलेले डोळ्यांनी पाहून तो साष्टीतच राहिला, आपली भाषा शिकला आणि १६१६ ला त्याचं क्रिस्तपुराण छापून आलं, मराठीत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवळं पाडणाऱ्या सत्तेच्या सावलीतच हे काम झालं हे विसरायचं नाही, पण त्या माणसानं लिहायला बसल्यावर ज्ञानेश्वरांची ओवी का उचलली यावर कुणी दोन तास बोललं तर मी दोन्ही तास ऐकेन.

चालू घडामोडींकडे येऊ. इथे मामला जरा पातळ आहे. अमेरिकन पॉडकास्टपैकी बरेचसे तिकडच्या पक्षांच्या भांडणात बुडालेले आहेत, बायबलचं वचन आधी नाव घेण्यापुरतं आणि मग चाळीस मिनिटं उमेदवारांवर टीका, ते आपल्या काही कामाचे नाहीत आणि मला वाटतं त्यांच्याही नाहीत. पण जिथे जुनं तत्त्व घेऊन नवा प्रश्न सोडवायचा प्रयत्न होतो तिथे मजा येते. १८९१ ला पोप तेरावे लिओ यांनी कारखान्यातल्या कामगारांवर परिपत्रक काढलं, मजुरी, संघटना, मालकाचं कर्तव्य. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि कारणही सांगितलं की तेव्हा औद्योगिक क्रांती होती, आता एआय आहे. यावर झालेल्या चर्चा शोधा, काम गेलं तर माणसाचं नुसतं उत्पन्न जातं की अजून काही जातं, हा प्रश्न कुठल्याही धर्माच्या माणसाला आहे. तसंच पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं पर्यावरणावरचं पत्र. खाणींनी डिचोली-सांग्याचं काय झालं ते आपण पाहिलंय, ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं खाणी बंद केल्यावर ट्रकवाल्यांच्या घरात काय झालं तेही पाहिलंय, आणि ते पत्र नेमकं हेच म्हणतं की जमिनीचं रडणं आणि गरिबाचं रडणं वेगळं काढू नका. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर रोम नव्हतं, पावसाळ्यात लाल चिखल भरलेली शेतं होती.

युद्धावरचे एपिसोड लावलेत तर जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका जरूर ऐका. हिटलरच्या काळात बहुतेक चर्च गप्प बसले किंवा सामील झाले, १९३४ ला काहींनी त्याविरुद्ध बार्मेनचा जाहीरनामा काढला, हिटलरला विरोध करणारा बोनहोफर नावाचा पास्टर एप्रिल १९४५ ला फासावर गेला, युरोपातलं युद्ध संपायला महिना उरला असताना. दक्षिण आफ्रिकेत तर वर्णभेदाला बायबलचा आधार डच रिफॉर्म्ड चर्चनंच पुरवला आणि १९८२ ला त्यांच्याच पंथाच्या जागतिक संघटनेनं तो पाखंड ठरवला. धर्म सत्तेच्या मांडीवर बसला की काय होतं आणि त्याच धर्मातली माणसं त्याला खाली कशी ओढतात, हे दोन्ही तिथे दिसतं. हे आपल्यालाही आज ऐकायची गरज आहे, इतकंच म्हणतो.

प्रचाराचं म्हणाल तर हो, काही कार्यक्रमांत असतो, आणि ओळखायला सोपा असतो. शेवटची दहा मिनिटं प्रार्थना, मग देणगी, मग तुमचा नंबर मागणारा फॉर्म. तो भरू नका, संपलं. पण आपल्या श्रद्धेतून जग कसं दिसतं हे कुणी उघड सांगत असेल तर त्याला मी प्रचार म्हणत नाही, आपले कीर्तनकार उत्तररंगात आजच्या गोष्टी आणतातच की, आणि तेव्हा समोर बसलेला ख्रिस्ती शेजारी बाटत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात चारातला एक माणूस ख्रिस्ती आहे. फेस्ताला आपण त्यांच्याकडे जेवतो, चवथीला ते आपल्याकडे येतात, पण ते बातमी वाचताना मनात काय धरून वाचतात हे आपल्याला माहीत नसतं. माझ्याबरोबर काम करणारे साष्टीतल्या राय गावचे एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत, त्यांना मी कुंकळ्ळीबद्दल विचारायला कित्येक वर्षं कचरत होतो. वायादोलिदचा तो एपिसोड त्यांना पाठवला, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच म्हणाले, आमच्या घरात सांगतात की आम्हीही त्याच गांवकरांच्या रक्ताचे. आम्ही डबा तसाच ठेवून बोलत बसलो.

इंग्रजी ऐकायचा कंटाळा असेल तर मराठीत वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची भाषणं शोधा, २०२४ ला गेले ते. हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला पाद्री, ख्रिस्ती विचार मराठी मातीत बोलतो म्हणजे काय ते त्यांच्या बोलण्यात कळतं. आणि पणजीच्या आसपास राहत असाल तर पर्वरीला जेझुइटांचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा, समोरासमोर प्रश्न विचारायची सोय कुठल्याच पॉडकास्टमध्ये नसते. सुरुवात रसेल-कॉपलस्टनपासून करा, मग वायादोलिद, मग गोवा. आणि कुंकळ्ळीवर दोन्ही बाजू नीट सांगणारं काही मराठीत किंवा कोंकणीत रेकॉर्ड झालेलं कुणाला माहीत असेल तर खाली लिंक टाका, मी बरेच दिवस शोधतोय.