बी.एस्सी. (रसायनशास्त्र) झाले आहे, राजापूर तालुक्यात राहते. बी.एड. करून गावाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत लहान मुलांना शिकवायचं आहे. काय काय करावं लागेल?

लहान मुलं म्हणजे पहिली ते पाचवी असेल, तर बी.एड.ला जाऊच नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की प्राथमिकच्या या वर्गांना बी.एड. ही पात्रता चालत नाही. तिथे डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर १ लागतो. बी.एड.ने सहावी ते आठवी आणि नववी-दहावी हे वर्ग खुले होतात. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.एस्सी.सुद्धा हवी. हे नीट न विचारता दोन वर्षं घालवलेली मुलं कोकणात खूप आहेत, म्हणून आधी हेच ठरवा.

सहावीच्या पुढे शिकवायची तयारी असेल तर तुमची पदवी चांगल्या कामाची आहे. प्रवेशासाठी पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५. राज्याची बी.एड. सीईटी १०० प्रश्नांची, वेळ ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्तेला ४०, सामान्य ज्ञानाला ३० आणि शिक्षक अभियोग्यतेला ३० गुण. एक प्रश्नही कोरा सोडू नका. परीक्षा सोपी आहे, माणसं अडकतात ती कागदपत्रांत. नॉन-क्रीमीलेयर दाखला चालू वर्षाचा लागतो आणि तो ऐन वेळी मिळत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र आधीच काढून ठेवा.

पर्याय भरण्यापूर्वी महाविद्यालयात स्वतः जाऊन या. एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता बघा, आणि विज्ञानाची अध्यापन पद्धती शिकवणारे प्राध्यापक प्रत्यक्ष आहेत का ते विचारा. ‘फक्त परीक्षेला या’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून बाहेर पडा. तिथून पदवी मिळेल, पण वर्गात उभं राहता येणार नाही. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

खरं शिक्षण शाळेतल्या आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याच्या सरावात होतं. एकूण २० आठवडे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. तासांना ८० टक्के हजेरी चालते, आंतरवासितेला ९० लागते. सहा दिवसांचा आठवडा धरला तर १६ आठवड्यांचे ९६ दिवस होतात, म्हणजे जेमतेम नऊ दिवस हाताशी. गणपतीच्या सुट्टीला जोडून चार दिवस आधी निघालात की त्यातले जवळपास निम्मे संपले, उरलेले पावसात चुकलेल्या एसटीत जातात. म्हणून ‘नावाजलेल्या’ शाळेपेक्षा थेट गाडी असलेली शाळा मागा.

त्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं: पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य, प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन, मग प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), आणि तेच पुन्हा. मुलं हे उरकून टाकतात आणि पुढे सराव पाठात तिथेच पडतात. नेहमीची चूक म्हणजे ३५ मिनिटांच्या तासाला ५० मिनिटांचं टाचण (पाठाचा लेखी आराखडा). पूर्वज्ञानाच्या प्रश्नांत दहा मिनिटं जातात, हेतुकथनाला (आज काय शिकायचं ते सांगायला) उशीर होतो, आणि मूल्यमापन घंटेनंतर. पूर्वज्ञानाला चार मिनिटं, शेवटची सहा मूल्यमापनाला, असं घड्याळ लावून घरी दोनदा बोलून बघा. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं टाचण निरीक्षकांना पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

साहित्य विकत आणू नका. आम्ल-आम्लारीला अंगणातली लाल जास्वंद पुरते: पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा, अर्क तीन पेल्यांत घ्या, एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात खाण्याचा सोडा घाला, तिसरा तसाच ठेवा. लिंबवाला लालसर होतो, सोड्याचा हिरवट. भरती-ओहोटी शिकवताना मुलांना बंदरावरच्या भरतीची वेळ आठवडाभर लिहायला सांगा. रोज ती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि मग चंद्राचा प्रश्न मुलंच विचारतात. वाडीतली मुलं घरच्या बोलीत उत्तर देतील. आधी ते उत्तर स्वीकारा, मग तोच शब्द प्रमाण मराठीत फळ्यावर लिहा. भाषा दुरुस्त करायला आधी गेलात तर पुढचा हात वर होत नाही.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा पेपर २ द्या, त्यात गणित-विज्ञानाला १५० पैकी ६० गुण आहेत. पात्रतेला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. भरतीसाठी मात्र वेगळी अभियोग्यता चाचणी (टेट) असते: २०० प्रश्न, १२० मिनिटं. इथे ज्ञानापेक्षा वेगात माणसं मागे पडतात. ती दर वर्षी होत नाही, २०१७ नंतरची थेट २०२३ मध्ये झाली आणि मग २०२५ मध्ये. त्यामुळे बी.एड.च्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास बुद्धिमत्तेची उदाहरणं सोडवा. जिल्हा परिषद आणि खासगी अनुदानित, दोन्हीकडची पदं ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून याच गुणांच्या आधारे भरतात. तिथे पसंतीक्रम भरताना रत्नागिरी-सिंधुदुर्गवरच थांबू नका, रायगड आणि पालघरही भरा.