बेसमेंटमधल्या दोन बॅगा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते:

"आईला जाऊन तीन वर्षं झाली. पुण्याचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा आठ दिवसांत सगळं आवरावं लागलं. आईच्या साड्या, पितळी डबा, तिची पदार्थांची वही, सापडेल ते २३-२३ किलोच्या दोन बॅगांत कोंबून आणलं. बॅगा बेसमेंटमध्ये आहेत, अजून कुलूपही काढलेलं नाही. दर उन्हाळ्यात नवरा 'यंदा बेसमेंट आवरूया' म्हणतो आणि माझं बिनसतं. मुलं मला होर्डर म्हणतात. मी खरंच तशी आहे का?"

ताई, मुलांचं फार मनावर घेऊ नका. दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवणारी प्रत्येक बाई त्यांच्या लेखी होर्डर असते.

मला विचाराल तर अडचण वेगळीच आहे. आपल्या आयांनी आयुष्यात फारसं काही टाकलंच नाही. जरीची जुनी साडी बोहारणीकडे गेली आणि तिच्या बदल्यात स्टीलचं पातेलं घरात आलं, तेही जिन्यात तासभर घासाघीस करून. सुती पातळांच्या गोधड्या झाल्या. रद्दी वजनावर गेली, मोडका स्टोव्ह भंगारवाल्याने नेला, मुलांचे कपडे धाकट्या मावसभावाला झाले. वस्तू घराबाहेर पडली ती कुणाच्या तरी हातात पडली. इथे दारात बोहारीण येत नाही. समोर असतो तो चाकांचा हिरवा डबा आणि दर मंगळवारी येणारा ट्रक. त्यात आईची इरकल टाकायला हात धजत नाही, हे अगदी बरोबर आहे.

म्हणून आधी घेणारे हात शोधा, पसाऱ्याकडे नंतर वळा. ऑगस्टमध्ये जवळच्या युनिव्हर्सिटीत आपली मुलं उतरतात. चार जण मिळून एक अपार्टमेंट घेतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांना कुकर, कढई, पोळपाट-लाटणं हवं असतं. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळाला निरोप द्या, मुलं स्वतः गाडी घेऊन येतील. मराठी शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी नऊवारी कमी पडतात. महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयाला पुस्तकं चालतात (दिवाळी अंकांचे गठ्ठे मात्र आधी विचारून न्या, त्यांच्याकडेही बेसमेंटच आहे). देवादिकांच्या तसबिरी आणि छोट्या मूर्ती घ्याल का, असं देवळात विचारता येतं. गणपती छापलेल्या लग्नपत्रिका मी नमस्कार करून सरळ रिसायकलिंगमध्ये घालते. आजवर काही झालेलं नाही.

आता थोडं माझं सांगते. आम्ही इकडे आलो तेव्हा मिक्सर भारतातून आणला होता. तो २३० व्होल्टचा, इथे भिंतीत १२०. म्हणून लोखंडी ठोकळ्यासारखा एक ट्रान्सफॉर्मर घेतला. वर्षभरात इथलाच मिक्सर आला, पण जुना आणि त्याचा ठोकळा खोक्यात गेले. खोक्यावर नवऱ्याने मार्करने लिहिलं, 'इंडिया'. 'परत जाऊ तेव्हा लागेल.' दोन घरं बदलली, खोकं दोन्ही वेळा आमच्याबरोबर आलं. पुढे आम्ही इथले नागरिक झालो, मुलगी कॉलेजला गेली, खोकं तिथेच. एकदा मी ते दाराशी आणून ठेवलं आणि संध्याकाळी नवऱ्याने मुकाट्याने परत आत नेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते खोकं काढायचं तर 'आपण आता परत जात नाही' हे दोघांपैकी कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणीच म्हटलं नव्हतं. शेवटी एका रविवारी चहा घेताना ते बोलून झालं. दोघेही थोडे रडलो. खोकं पुढच्या शनिवारी गेलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या बॅगांना अजून कुलूप का आहे, ते घरात एकदा मोठ्याने बोला. आई गेली तेव्हा तुम्ही वेळेवर पोचला होतात का? फ्लॅट विकायला तुमचं मन होतं का? पत्रात तुम्ही दोन्हीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मला नका कळवू, नवऱ्याला सांगा. तो बेसमेंट आवरूया म्हणतो तेव्हा त्याला बहुधा एवढंच माहीत असतं की तिथे जाताना बॅगांना पाय अडखळतो.

मात्र मन तयार होईपर्यंत थांबते, असं म्हणू नका. साडीची जर थांबत नाही. बेसमेंट दमट, त्यात साड्या घाईत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेल्या असणार. तशा बंद राहिल्या तर रेशमाला डाग पडतात, बुरशी धरते, चांदीची जर काळी पडते. शिवाय तीन वर्षं एकाच घडीत राहिलेली पैठणी घडीवरच चिरू शकते. तेव्हा या शनिवारी बॅग उघडायची ती फक्त साड्यांना हवा द्यायला. काही ठरवायचं नाही, काही द्यायचं नाही. साड्या सावलीत पसरा, घडी बदला, जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि वरच्या मजल्यावर कपाटात ठेवा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

उघडल्या उघडल्या आधी वास येईल. तुमच्या आईच्या कपाटाचा. त्या वेळी घरात पाहुणे नसावेत आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा.

द्यायचं काय, ते दिवाळीच्या आवरासावरीत बघा. तोवर साड्या चार-सहा वेळा नजरेखालून गेलेल्या असतील. तुम्ही खरोखर नेसाल त्या ठेवा, आणि आईची म्हणून नुसती जवळ हवी अशी एक. बाकीच्या भाच्यांना, मैत्रिणींना. आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर त्यांनी दिलेली परात त्या परत जाईपर्यंत हलवू नका. हा अनुभवाचा सल्ला आहे.

पत्रात नाही, पण बॅगेत लग्नाची व्हिडिओ कॅसेटही निघेल. ती भारतातली, म्हणजे पाल पद्धतीची. इथले साधे व्हीसीआर एनटीएससी या दुसऱ्या व्हिडिओ पद्धतीचे, त्यावर चित्र नीट येत नाही म्हणून खराब झाली समजून फेकू नका. डिजिटल करून देणाऱ्याला आधी 'पाल आहे' असं सांगा, आणि लवकर करा. टेप आपोआप झिजते.

वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून भावंडांना पाठवा. मूळ वही स्वयंपाकघरात ओट्याजवळ राहू दे, तेलाचे डाग वाढले तरी चालेल.

आणि पितळी डबा उघडाल तेव्हा मुलांना घरी थांबवा. त्यावर बहुतेक नाव घातलेलं असेल, कुणी कुणाला कशाप्रीत्यर्थ दिला ते. त्यांना वाचायला लावा. मराठी शाळेची फी भरलीच आहे.