नव्वद किलोचा पाहुणा

ती करिअरचा सल्ला घ्यायला पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा आई सोबत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 26, पुण्यात आयटीची नोकरी, शनिवार-रविवार रायडिंग क्लब. आता राजीनामा देऊन राजस्थानात घोड्यावरच्या आठवडाभराच्या सफरी न्यायच्या होत्या.

"म्हणजे माथेरानला दस्तुरीवर उभे असतात तशी घोडेवाली होणार का हो ही, मॅडम?" आई म्हणाली. मला ते खटकलं. घाबरलेल्या अनोळखी माणसाला दोन मिनिटांत घोड्यावर बसवणं त्या घोडेवाल्यांइतकं कुणाला जमतं?

मुलीची धास्ती वेगळी. "आवड पोटापाण्याला जुंपली की मरते का?" बेकिंगवाले, फोटोग्राफीवाले, सगळे हेच विचारतात. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "मी तुझी पाहुणी. वजन नव्वद किलो. पैसे पूर्ण भरलेत. घोडा आण."

ती हसली, मग चाचरली. "बघू... जरा थोराड घोडा देऊ." चारशे किलोच्या मारवाडी घोड्यावर खोगिरासकट ऐंशीच्या वर भार नको, हा हिशेब अर्ध्या तासापूर्वी तिनेच मला शिकवला होता. "आणि संध्याकाळी त्याची पाठ कोण बघणार?" ती गप्प.

सफरींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. राजीनामा नको, बिनपगारी रजा घे आणि मदतनीस म्हणून जा, एवढंच ठरलं.

दोन महिन्यांनी आली ती तळहातावर दोराचा वळ घेऊन. पहिला पंधरवडा खोगिरावर जेमतेम बसायला मिळालं. पहाटे दाणापाणी, खरारा, नाल बघणं, तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, कातडी सोलवटली नाही ना ते चाचपणं. एका रात्री घोडी दाण्याला तोंड लावेना, उठबस करत सारखी कुशीकडे बघत होती. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेतू शकतो. डॉक्टर येईपर्यंत ही दोर धरून तिच्याजवळ उभी.

"आवड मेली?"

"रायडिंगची थोडी कमी झाली. घोड्यांची वाढली." मग जरा थांबून, "एकाला नाही म्हटलं मी. जाम चिडला. चार दिवस जीपमधून आला."

आईचा प्रश्न आता बदललाय: एप्रिलपासून खाणार काय? त्यासाठी क्लबात शिकवण्याबद्दल बोलणी चालू आहेत. राजीनामा अजून दिलेला नाही.