शेवट माहीत असलेली परीकथा चारशे पानं कशाला वाचायची?

तुमची मुलगी दहावीत आहे आणि सिंड्रेलावर बेतलेल्या जाडजूड इंग्रजी फँटसी कादंबऱ्या मागवते. बूट कुणाच्या पायात बसणार हे आधीच ठाऊक असताना त्यात वाचायचं काय आणि अभ्यासाचा वेळ वाया जात नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे. नीटच्या तयारीला आलेल्या पोरींच्या उशाखाली मला हीच पुस्तकं सापडतात. जप्त केली की परत द्यायच्या आधी मी वाचून काढते, त्यामुळे या विषयात माझा बऱ्यापैकी हात बसलाय.

पुढे काय होणार यासाठी ही लेकरं ते वाचतच नाहीत. त्यांना प्रश्न पडतो तो असा, की एवढा छळ होत असताना सिंड्रेला घर सोडून का जात नाही? जुनी गोष्ट 'ती फार गुणी होती' एवढं सांगून पुढे सरकते. कादंबरीला तसं सरकता येत नाही. गेल कार्सन लेव्हीन यांच्या १९९७ सालच्या 'एला एन्चांटेड'मध्ये जन्मतःच एका परीनं नायिकेला आज्ञाधारकपणाचं वरदान देऊन ठेवलंय. कुणीही हुकूम सोडला की तिला तो पाळावाच लागतो. बदल एवढाच, पण सगळी गोष्ट फिरते. राब राब राबणं हा तिचा गुण राहत नाही. राजपुत्राशी लग्न करायचीही तिला भीती वाटते, कारण उद्या कुणी त्याच्याच जिवावर उठायचा हुकूम दिला तर? 'आमची पोरगी शब्दाबाहेर नाही' असं कौतुक ऐकत वाढलेल्या मुलींना हे समजावून सांगावं लागत नाही. सिंड्रेलाला बाराच्या ठोक्याआधी परतावं लागतं, त्याचंही तसंच. आमचं गेट साडेसातला बंद होतं.

शिवाय मूळ गोष्ट म्हणजे नेमकी कुठली? काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि बाराचा ठोका हे फ्रान्सच्या शार्ल पेरोचं, १६९७ मधलं. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात परी नाहीच. तिथे आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड पोशाख देतं, बूट सोन्याचा असतो आणि तो पायात बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. त्याआधी इटलीत १६३४ मध्ये छापलेल्या बासिलेच्या गोष्टीत तर नायिकाच पेटीचं झाकण मानेवर आदळून पहिल्या सावत्र आईचा जीव घेते! नवव्या शतकातल्या चिनी गोष्टीत मदतीला येतात ती माशाची हाडं. म्हणजे तुमची मुलगी वाचतेय ती मोडतोड केलेली गोष्ट नाही. ही गोष्ट पहिल्यापासून अशीच फिरत आलीय.

आणि आपली शिवामुठीची कहाणी आठवा. श्रावणात आमच्याकडे औशाला आजी ती वाचायची. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला उष्टं अन्न, जाडंभरडं नेसू, राहायला गुरांचं बेडं. रानात नागकन्या-देवकन्या भेटतात, व्रत सांगतात आणि पुढे देऊळ सोन्याचं होतं. मला यातली खरी गंमत पागोट्याची वाटते. तिकडे पळताना सिंड्रेलाचा बूट मागे राहतो आणि राजपुत्र तो घेऊन घरोघर फिरतो. इथे खुद्द राजाचंच पागोटं देवळातल्या खुंटीवर राहतं आणि ते आणायला त्याला नावडतीच्या देवाकडे माघारी जावं लागतं. यावर एखाद्या पोरीनं कादंबरी लिहिली तर ती मी जप्त न करता विकत घेईन. नवऱ्याचा तर कहाणीत पत्ताच नाही, तो कुठे होता इथूनच सुरुवात करता येईल.

सगळीच पुस्तकं चांगली असतात असं नाही. सावत्र आई चांगली निघाली, राजपुत्र लबाड निघाला की झाली नवी गोष्ट, असं समजणारी बरीच आहेत. ती पन्नास पानांत दमतात. परीकथेचं नाव लावून मोठ्यांसाठी लिहिलेलीही असतात, आणि मुखपृष्ठं सगळ्यांची सारखीच चमचमती. मागवण्याआधी कोणत्या वयासाठी आहे तेवढं बघा.

मुलगी मराठी माध्यमाची असेल तर एक फायदा आहे. गोष्टीचा सांगाडा ओळखीचा असल्यानं एखादा इंग्रजी शब्द अडला तरी वाचन अडत नाही. आमच्या खेड्यातून आलेल्या मुली कोश न उघडता पानंच्या पानं पुढे जातात, इतर इंग्रजी पुस्तकांपाशी थबकतात.

दहावीचं म्हणाल तर रोज झोपण्याआधी अर्धा तास वाचू द्या. परीक्षा तोंडावर आली की मात्र मी स्वतःच पुस्तकं कपाटात ठेवते आणि शेवटचा पेपर झाला की परत देते. मुली कुरकुरतात, पण तेवढं चालतं.