चॅपलची काळजी कमी करा, डिसेंबरची जास्त

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका लहान ख्रिश्चन कॉलेजात तिला बायॉलॉजीसाठी प्रवेश मिळालाय. वर्षाचा एकूण खर्च ५८ हजार डॉलर, त्यातले ३० हजार स्कॉलरशिपचे. सगळे मिळून बाराशे विद्यार्थी, नाव इथे कुणी ऐकलेलं नाही. तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर स्पेनला पाठवतात म्हणे. सासूबाईंचं म्हणणं, पोरीला बाटवतील. काय करावं? – एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंपासूनच सुरुवात करते. नाशिकमधल्या किती घरांतल्या मुली दहा-दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये सकाळी ‘आमेन’ म्हणून वर्गात बसल्या आणि संध्याकाळी घरी येऊन शुभंकरोति म्हणाल्या! पण त्यांची शंका अगदीच झटकून टाकू नका, कारण ख्रिश्चन कॉलेज म्हणजे सगळीकडे एकच प्रकार नसतो. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात चॅपलला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, हजेरी सक्तीची असते आणि श्रद्धा व वागणुकीचा करारही मान्य करावा लागतो. तुमच्या मिनेसोटातच सेंट ओलाफ आहे. तिथेही चॅपल भरतं, पण जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तेव्हा तुमच्या कॉलेजला ईमेलवर सरळ विचारा : चॅपल सक्तीचं आहे का, बायबल किंवा धर्मशास्त्राचे पेपर किती घ्यावे लागतात, इतर धर्मांच्या मुली सध्या किती आहेत? लेखी उत्तर आलं की सासूबाईंना वाचून दाखवा. अशा बऱ्याच कॉलेजांत हॉस्टेलवर दारूला बंदी असते, तेही सांगा. मत थोडं मवाळ होईल.

आणि एक आपल्या गावची गंमत. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण तो मुळात मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपूर वस्तीचा रस्ता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात तिथे शिकायला होती. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह घेऊन निघालेल्या तांड्यात होता आणि १८७४ मध्ये लंडनला त्याच्या अंत्यविधीलाही हजर होता. परदेशी जाऊन मिशनच्या शाळेत शिकणं नाशिकला नवं नाही, फक्त तेव्हा पोरं इकडे येत होती.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. बाराशे विद्यार्थ्यांचं कॉलेज म्हणजे प्राध्यापक नावानं ओळखणार, प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून हात घालायला मिळणार. बायॉलॉजीच्या मुलीला हे मोठ्या विद्यापीठात सहज मिळत नाही. पण अशी लहान कॉलेजं फीवरच जगतात आणि मुलं कमी झाली की अडचणीत येतात. मेथडिस्ट परंपरेतलं आयोवा वेस्लियन १८४२ पासून चालू होतं, ते २०२३ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी मिशिगनमधल्या फिनलँडिया या ल्यूथरन कॉलेजनेही गाशा गुंडाळला. म्हणून कॉलेजांची तपासणी करणाऱ्या हायर लर्निंग कमिशन या संस्थेची तुमच्या कॉलेजला मान्यता आहे का आणि त्यावर काही शेरा आहे का, ते कमिशनच्या वेबसाइटवर बघा. गेल्या पाच वर्षांतले विद्यार्थ्यांचे आकडे कॉलेजकडून मागवा. ते घसरत असतील तर नाव कुणी ऐकलंय की नाही हा प्रश्न दुय्यम.

दुसरी गोष्ट डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत अनेक ठिकाणी हॉस्टेल बंद होतं, अमेरिकन मुलं घरी जातात. तुमची लेक तीन-चार आठवडे कुठे राहणार? काही कॉलेजं गावातलं एखादं कुटुंब मिळवून देतात, काही जादा पैसे घेऊन खोली देतात, काही हात वर करतात. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे पेपरात बातमी येते. मिनेसोटात तो शून्याखाली वीस जातो, आणि लहान गावात सिटी बसचा भरवसा नसतो.

स्पेनच्या सेमिस्टरबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला तेच सर्वांत आवडलं. अशा कॉलेजांचं हे खरं बलस्थान असतं. इंडियानातल्या गोशेन कॉलेजनं १९६८ पासून मुलांना परदेशी कुटुंबांत ठेवून आधी शिकवणं आणि मग तिथेच सेवेचं काम देणं सुरू केलं. मात्र भारतीय पासपोर्टला यात जास्तीची कागदपत्रं लागतात. जानेवारीतल्या छोट्या अभ्याससहलीला अमेरिकन मैत्रिणी युरोपात व्हिसाशिवाय उतरतील, तुमच्या लेकीला युरोपचा शेंगेन व्हिसा काढावा लागेल. परत येताना अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा, व्हिसा चालू हवा आणि आय-२० या कॉलेजनं दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर कॉलेजची प्रवासाची सही हवी. ती त्या काळात आपल्याच कॉलेजची पूर्णवेळ विद्यार्थिनी म्हणून नोंदलेली राहिली पाहिजे. स्वतःहून दुसरीकडे नाव घालून पाच महिन्यांहून जास्त बाहेर राहिली, तर एफ-१ स्टेटस जाऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे स्कॉलरशिप त्या सेमिस्टरला लागू आहे का? काही ठिकाणी नसते.

पैशांचं थोडक्यात. उरतात वर्षाला २८ हजार डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर पंचवीस लाखांच्या वर, चार वर्षांचे कोटभर. विमानभाडं वेगळं, आणि दरवर्षी फी वाढते पण स्कॉलरशिप बहुतेक तेवढीच राहते. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. त्यातून हातखर्च निघतो, फी निघत नाही. कर्ज घर तारण ठेवून काढणार असाल तर मी म्हणेन, थांबा. निम्मी रक्कम हातात असेल तर विचार करण्यासारखं आहे.

अनामत भरायची मुदत साधारण १ मे असते, तोवर वरची उत्तरं येतील. ती घेऊन भेटायला या, आणि लेकीलाही आणा. तुमच्या पत्रात सासूबाईंचं म्हणणं आहे, तिचं नाही.