'मॅलिस' म्हणजे आकस नव्हे: कॉमन लॉमधल्या शब्दांचा अर्थ कुठे शोधायचा?

तुम्ही विचारलं आहे की 'मॅलिस', 'कन्सिडरेशन' हे शब्द शब्दकोशात नीट पाहून घेतले, तरी इंग्लंडमधली निकालपत्रं वाचताना ते अर्थ बसत नाहीत. मग शब्दाचा खरा अर्थ असतो तरी कुठे? मी कायद्याच्या मजकुरांचा अनुवाद करते. याच ठिकाणी मी वर्षानुवर्षं अडखळले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलेल्या इंग्लिश कायद्यात, अर्थ खटल्यात असतो. कोणावर काय गुदरलं, कशावरून वाद झाला आणि न्यायाधीशांना त्या दिवशी नेमकं काय ठरवायचं होतं, एवढं कळलं की शब्द उलगडतो.

'मॅलिस'साठी १९५७ सालचा कनिंगहॅमचा खटला वाचा. पैसे टाकले की गॅस मिळायचा, असे मीटर तेव्हा घरोघरी असत. कनिंगहॅमने एका रिकाम्या घराच्या तळघरातला मीटर आतल्या पैशांसाठी पाइपवरून उपटून नेला. गॅसचा नळ मात्र बंद केला नाही. गॅस भिंतीतून झिरपत शेजारच्या घरात गेला आणि तिथे झोपलेल्या बाईचा जीव धोक्यात आला. ती त्याची होणारी सासू होती. चोरी त्याने कबूलच केली. पण १८६१च्या कायद्याखाली दुसराही आरोप होता: 'मॅलिशसली' विषारी पदार्थ देऊन जीव धोक्यात घालणं. खालच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की या शब्दाचा अर्थ 'दुष्टपणाने'. शब्दकोशाप्रमाणे हे बरोबरच होतं, आणि चोरी करणारा माणूस वाईट वागला यातही शंका नव्हती. ज्यूरीने दोषी ठरवलं.

अपिलात ही शिक्षा रद्द झाली. न्यायालय म्हणालं, इथे दुष्टपणाचा प्रश्नच नाही. दोनच गोष्टी पाहायच्या: त्या प्रकारची इजा करण्याचा त्याचा हेतू होता का? नसेल, तर अशी इजा होऊ शकते हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि तरीही त्याने तो धोका पत्करला का? ज्यूरीला हे विचारलंच गेलं नव्हतं.

म्हणजे 'मॅलिस'चा मनातल्या कडवटपणाशी संबंध उरला नाही. खुनाच्या व्याख्येतला 'मॅलिस अफोरथॉट' तर त्याहून फसवा. शब्दशः 'पूर्वनियोजित आकस'. प्रत्यक्षात ना आकस लागतो, ना पूर्वनियोजन. जीव घेण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू त्या क्षणी असला की पुरे. असाध्य आजाराने तळमळणाऱ्या आईचा जीव केवळ मायेपोटी घेणारा मुलगाही या शब्दाच्या कक्षेत येतो. मला हे फार जड वाटतं. पण शब्द असाच वाचला जातो, आणि अनुवादात 'आकस' लिहिलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

'कन्सिडरेशन'चं तसंच. करारात एकाच्या वचनाच्या बदल्यात दुसरा जे देतो, ते म्हणजे 'कन्सिडरेशन'. मराठीत आपण 'प्रतिफल' किंवा 'मोबदला' म्हणतो. 'मोबदला' म्हटलं की डोळ्यांसमोर पैसे येतात, किमान काहीतरी मोलाची वस्तू तरी येते. १९६०च्या चॅपेल विरुद्ध नेस्ले खटल्यात चॉकलेटची तीन वेष्टनं आणि दीड शिलिंग पाठवलं की गाण्याची तबकडी मिळे, अशी योजना होती. गाण्याच्या हक्कदारांचं मानधन तबकडीच्या नेहमीच्या विक्री किमतीवर ठरत असे. मग वेष्टनं ही किमतीचा भाग की नुसती अट? कंपनी ती वेष्टनं फेकूनच देत होती. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, बहुमताने ठरवलं की तीही प्रतिफलाचा भाग आहेत. मागणाऱ्याने मागितलं आणि देणाऱ्याने दिलं, तेवढं पुरतं. वस्तूची किंमत न्यायालय मोजत बसत नाही.

उलट, १८४२च्या रॉस्कॉर्ला खटल्यात खरेपणाने पूर्ण किंमत मोजूनही काही हाती लागलं नाही. घोड्याचा सौदा झाल्यानंतर विकणाऱ्याने 'जनावर निर्दोष आहे, खोडीचं नाही' असं वचन दिलं. घोडा खोडील निघाला. पण पैसे सौद्यासाठी दिले होते, मागाहून दिलेल्या वचनासाठी नव्हे, म्हणून ते वचन बंधनकारक ठरलं नाही. या दोन निकालांमध्ये 'प्रतिफल' जितकं कळतं, तितकं मला कुठल्याही व्याख्येतून कळलं नव्हतं.

आता एक अडचण. कायद्याच्या एका शाखेत पक्का झालेला अर्थ दुसरीकडे ओढून नेला जातो. ब्रिस्टलमधल्या एका दुकानदाराने झटक्यात उघडणारा चाकू काचेत किमतीच्या चिठ्ठीसह मांडला होता. १९५९च्या कायद्याने असा चाकू विकण्याचा 'ऑफर', म्हणजे प्रस्ताव, देणं गुन्हा होता. रस्त्यावरचा कोणीही म्हणेल, मांडला म्हणजे विकायलाच काढला. पण करारकायद्यात काचेत माल मांडणं म्हणजे गिऱ्हाइकाने प्रस्ताव द्यावा यासाठीचं निमंत्रण, प्रस्ताव नव्हे. फिशर विरुद्ध बेल खटल्यात न्यायालयाने तोच अर्थ फौजदारी कायद्याला लावला आणि दुकानदार सुटला. पार्लमेंटला १९६१मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

आणि प्रत्येक शब्द पारिभाषिक असतो असंही नाही. विंबल्डनच्या टेनिस कोर्टवर वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करून सामना थांबवणाऱ्या माणसावर 'अपमानकारक' वर्तनाचा आरोप होता. तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की हा साधा, रोजचा शब्द आहे, त्याचा अर्थ हा कायद्याचा प्रश्नच नाही. म्हणून शब्द भेटला की आधी त्या कायद्याचं व्याख्येचं कलम बघा. तिथे नसेल तर त्या शब्दावर वरच्या न्यायालयाचा निकाल आहे का ते शोधा. काहीच नसेल तर मात्र शब्दकोश उघडायला हरकत नाही.

निकालाचं साल मात्र कधीही नजरेआड करू नका. 'रेकलेस', म्हणजे बेपर्वा, हा शब्द घ्या. १९८१मध्ये कॉल्डवेल खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की सर्वसामान्य माणसाला उघड दिसला असता असा धोका आरोपीच्या ध्यानातही आला नसेल, तरी मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यात तो बेपर्वा ठरतो. पुढे अकरा आणि बारा वर्षांच्या दोन मुलांनी एका दुकानामागे वर्तमानपत्रं पेटवली आणि कचऱ्याच्या डब्याखाली टाकली. आग फरशीवर आपोआप विझेल असं त्यांना वाटलं. नुकसान झालं सुमारे दहा लाख पौंडांचं. कॉल्डवेलच्या अर्थाने ही पोरं गुन्हेगार ठरत होती, आणि खाली तशी ती ठरलीही. २००३मध्ये आर विरुद्ध जी या खटल्यात लॉर्ड्सनी स्वतःचाच जुना अर्थ मोडीत काढला: धोका आरोपीच्या स्वतःच्या लक्षात आलेला असला पाहिजे. कायद्यातला शब्द तोच राहिला. म्हणून १९९०च्या सुमाराच्या निकालपत्रातलं 'रेकलेस' आणि २०१०च्या निकालपत्रातलं 'रेकलेस' यांना मी अनुवादात एकच टीप देत नाही.