वाचकांचे प्रश्न : ओंडक्यापासून फळीपर्यंत

प्रश्न : लहान आडव्या बँडसॉवर (चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या करवतीवर) लोकांचे ओंडके चिरून देतो. फळीला मध्येच लाट पडते. नवा पट्टा चढवला की सरळ चालतो, पण दोन-तीन ओंडक्यांनंतर पुन्हा तेच. पट्टेच हलके मिळतात का?

पट्ट्याला दोष देण्याआधी ओंडक्याची साल पाहा. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू आणि खडी रुतलेली असते, आणि ती चांगल्या पट्ट्याची धारही काही मिनिटांत खाते. दात ज्या बाजूने लाकडात शिरतात, त्या बाजूची साल चिरकामाच्या ओळीत कुऱ्हाडीने काढून टाका. बाहेर पडण्याच्या बाजूची माती दात बाहेरच ढकलतात, तिथे एवढी घाई नाही.

लाट कुठे पडते यावरूनही कारण कळते. फक्त गाठीपाशी पट्टा चढत किंवा बुडत असेल, तर धार गेली आहे किंवा ताण कमी आहे. प्रत्येक फळीत तो एकाच दिशेला ओढत असेल, तर एका बाजूचे दात जास्त फाकले (बाहेर वाकवलेले) आहेत किंवा पट्ट्याला ओळीत धरणारे गाईड रोलर ओंडका ठेवायच्या बिछान्याला समांतर नाहीत. सरकता गाईड ओंडक्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. दोन गाईडमधला मोकळा पट्टा जितका लांब, तितका तो डगमगतो.

सगळ्यात खरी खबर मात्र भुसा देतो. फळी उचलून चिरलेल्या अंगावरून हात फिरवा. भुसा दाबून बसलेला आणि गरम लागला, तर दात कमी फाकले आहेत आणि पट्ट्याचे अंग लाकडाला घासते आहे. भुसा जवळजवळ नाहीच आणि दातांचे ओरखडे दिसतात, तर ते जास्त फाकले आहेत. हवा तो कोमट, मोकळा भुसा. १.१ मिमी जाडीच्या पट्ट्याला दर बाजूला दात साधारण अर्धा मिमी फाकवून सुरुवात करा. ओल्या, मऊ लाकडाला थोडे जास्त आणि सुक्या, कठीण लाकडाला थोडे कमी. दोन्ही बाजू डायल गेजने (बारीक अंतर काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) मोजा, नजरेवर सोडू नका.

चालताना पट्टा तापून लांबतो आणि ताण उतरतो, म्हणून काम चालू झाल्यावर ताण पुन्हा तपासा. मशीन थांबवले की तो सोडा. ताणलेला पट्टा थंड होताना आकसतो आणि दातांच्या खाचेत बारीक तडे जातात. आणि हळू चिरले की पट्टा टिकतो, ही समजूत सोडा. फार हळू चालवले तर दात कापण्याऐवजी घासतात आणि लवकर बोथट होतात.

प्रश्न : काही ओंडक्यांच्या फळ्या करवतीतून सुटताच धनुष्यासारख्या वाकतात. सुकायच्या आधीच असे का?

हा लाकडातला अंगचा ताण. कललेल्या झाडात किंवा जाड फांदीत तो हमखास असतो. ओंडक्याच्या टोकाकडे पाहा : गाभा मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला असेल, तर समजून घ्या. अशा ओंडक्याच्या एकाच बाजूने फळ्या काढत गेलात तर उरलेला ओंडकाही वाकतो आणि बिछान्यावर मध्ये उचलला जातो. दोन-एक फळ्या काढल्या की ओंडका उलटा फिरवा आणि समोरच्या बाजूने तितक्याच काढा. गाभा शेवटी मधल्या जाड तुकड्यात राहू द्या. त्याला भेगा पडणारच, त्याच्या फळ्या करण्यात अर्थ नाही. फांदीचे लाकूड लांब फळ्यांसाठी घेऊच नये, असे आमचे मत.

प्रश्न : रंधून एक इंच जाड फळी हवी असेल तर ओली किती जाड चिरावी? आणि इंचाला एक वर्ष सुकवावी, हे बरोबर का?

सव्वा इंच चिरा. आकसण्यात आणि वाक काढण्यात दोन सूत (पाव इंच) सहज जातात. रुंदीतही सूट ठेवा. वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड साधारणपणे गाभ्याकडून सालीकडे आकसते त्याच्या दुप्पट आकसते. म्हणून ओंडक्याच्या कडेच्या फळीला सालीच्या अंगाने खोलगट बाक येतो.

इंचाला एक वर्ष हा नुसता अंदाज आहे. जात, ऋतू आणि वारा यांवर सगळे अवलंबून. तोडल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. टोकातून ओलावा फळीच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने निघतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात. थप्पी जमिनीपासून फूटभर वर, दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या, दीड ते दोन फुटांवर, आणि सगळ्या एकाखाली एक. पट्टी ओळीतून सरकली की फळी तिथेच वाकते. पट्ट्या सुक्याच हव्यात, नाहीतर फळीवर डाग उमटतात. वर पत्रा आणि वजन, बाजू उघड्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली थप्पी बुरशी धरते.

एक नमुना फळी दर आठवड्याला तोला. वजन उतरायचे थांबले, म्हणजे त्या हवेत लाकूड सुकू शकेल तितके सुकले. नेमका आकडा हवा असेल तर टोकापासून फूटभर आतला तुकडा कापून तोला आणि १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. १५६ ग्रॅमचा तुकडा १३० ग्रॅमवर आला, तर २६ भागिले १३०, म्हणजे २० टक्के ओलावा. घरातल्या फर्निचरला ८ ते १२ टक्के लागतो. उघड्यावरची थप्पी बहुधा तिथवर पोचत नाही, तेव्हा शेवटचे काही आठवडे फळ्या घरात, पट्ट्या घालूनच ठेवा.

प्रश्न : ओंडक्यात खिळा आहे हे आधी कसे ओळखावे?

कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड असण्याची दाट शक्यता. टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंड असाच रंग सोडते. डाग नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अंगणातले, कुंपणाचे आणि रस्त्याकडेचे ओंडके मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय चढवू नका, विशेषतः बुंध्याचा खालचा माणसाच्या उंचीइतका भाग. पट्टा खिळ्याने तुटला तर खर्च कोणाचा, हे ओंडका उतरवून घेतानाच ठरवा.